१६२ गेम, पण प्रत्येकाचे वेगळे: बेसबॉलचं वेळापत्रक आणि आमचे मेट्स

एडिसनकर (धागाकर्ता)

नवरात्रातला रविवार, २८ सप्टेंबर २०२५. वर सवाष्णी जेवायला बसलेल्या, पापड तळायचं काम माझ्याकडे, आणि मी दर दहा मिनिटांनी बेसमेंटच्या फ्रीजमधून काहीतरी आणायचं निमित्त काढून खाली टीव्हीसमोर. मायामीत आमच्या न्यूयॉर्क मेट्सचा हंगामातला शेवटचा गेम चालू होता. मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स दोघेही ८३ जिंकून बरोबरीत होते आणि प्लेऑफमध्ये जायची, वाइल्ड कार्डची एकच जागा उरली होती. बरोबरीतच संपलं असतं तर टायब्रेकरवर रेड्स आत, म्हणजे आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या: रेड्स हरायला हवेत आणि आपण जिंकायला हवं.

रेड्स मिलवॉकीत हरले. देवीने अर्धं काम करून दिलं होतं. उरलेलं अर्धं आम्ही करायचं, समोर मार्लिन्स, ज्यांना त्या दिवशी काही मिळवायचं नव्हतं की गमवायचं नव्हतं. ४-० हरलो. पापडही करपले, त्यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगमध्ये ३० संघ. दोन लीग, प्रत्येकीत १५, आणि प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांच्या तीन डिव्हिजन. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ गेम खेळतो. रोज. आपल्याकडे कीर्तनाचा सप्ताह असतो ना, तसा हा सहा महिन्यांचा सप्ताह. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजन जिंकणारे आणि तीन वाइल्ड कार्डवाले, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांतले सर्वांत जास्त विजयवाले. २०२२ च्या आधी असं शेवटच्या जागेसाठी बरोबरीत संपलं तर १६३वा गेम खेळवत. तो बंद केला. आता आपसातला हिशोब बघतात आणि घरी पाठवतात. रेड्सनी आम्हाला सहापैकी चार वेळा हरवलं होतं, संपला विषय.

यावर्षी १२ जूनला आमचे ४५ विजय आणि २४ पराभव होते, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वोत्तम. हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊन आणलेलं, शेजारच्या यांकीजवाल्यांना मी चक्क ओळख दाखवत नव्हतो. त्याच १२ जूनला आमचा जपानी पिचर (गोलंदाज) कोडाई सेंगा पहिल्या बेसवर धावत गेला, उडी मारून थ्रो झेलला आणि मांडीचा स्नायू धरून खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून सलग सात हरलो. ऑगस्टमध्ये पुन्हा सलग सात. सप्टेंबरमध्ये सलग आठ. १२ जूननंतरचा हिशोब ३८-५५. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात मागून येऊन जिंकलोय असं वर्षभरात एकदाही घडलं नाही.

आता मूळ तक्रार. सातत्य नव्हतं हे कबूल. पण रेड्स आणि आम्ही एकाच जागेसाठी भांडत असताना आमचे १६२ वेगळे आणि त्यांचे १६२ वेगळे, हे कसं चालतं? डिव्हिजनमधल्या चौघांशी प्रत्येकी १३ म्हणजे ५२ गेम. लीगमधल्या इतर दहा जणांशी ६ किंवा ७, मिळून ६२. दुसऱ्या लीगच्या १४ संघांशी ३-३ आणि एका ठरलेल्या ‘पारंपरिक प्रतिस्पर्ध्या’शी ६, असे ४८. आमच्या डिव्हिजनमध्ये ९६ जिंकणारे फिलीज. पारंपरिक प्रतिस्पर्धी म्हणून आमच्या गळ्यात यांकीज, ९४ वाले, आणि रेड्सच्या वाट्याला क्लीव्हलंड, ८८ वाले. दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका देऊन गुण एकाच यादीत लावण्यातला प्रकार आहे हा.

पटतंय का? बेसबॉल न बघणाऱ्यांनीही लिहा.

---

निंबोणी

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पापडांसाठी वाचलं. सवाष्णींना करपलेले वाढलेत का?

---

मुळशीकर

आयपीएलवाला म्हणून लिहितो. आमच्याकडे दहा संघ, १४ सामने. पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदा. तुमच्याकडे निदान १३ आणि ६ असा प्रकार आहे, इथे दोनदा की एकदा यावरच गुणतक्ता हलतो. आणि सातत्याचं म्हणाल तर मुंबईने २०१५ मध्ये पहिल्या सहापैकी पाच हरून कप नेला. बंगळूरू २०२४ मध्ये पहिल्या आठपैकी सात हरले आणि मग ओळीने सहा जिंकून प्लेऑफमध्ये. १४ सामन्यांत सातत्य कसलं डोंबलाचं मोजणार. १६२ खेळून जो ८३ जिंकतो तो ८३ च्याच लायकीचा असावा, असं माझं बाहेरून बघणाऱ्याचं मत. हलके घ्या.

---

गणिती_गण्या

धागाकर्ते, तुमच्या तक्रारीत एक गडबड आहे. रेड्सच्या डिव्हिजनचा उल्लेखच केला नाहीत. सोयीस्कर विसरलात का?

तुमच्या डिव्हिजनमधले बाकीचे चार संघ आणि त्यांचे यंदाचे विजय: फिलीज ९६, मार्लिन्स ७९, ब्रेव्हज ७६, नॅशनल्स ६६. बेरीज ३१७.

रेड्सचे चार: ब्रुअर्स ९७, कब्स ९२, कार्डिनल्स ७८, पायरेट्स ७१. बेरीज ३३८.

सरासरी काढली तर तुमचा डिव्हिजनमधला प्रतिस्पर्धी ७९ विजयांचा, त्यांचा साडेचौऱ्याऐंशीचा. ५२ गेममध्ये हा फरक साधारण पावणेदोन विजयांचा होतो. यांकीज आणि क्लीव्हलंडमधला फरक सहा गेमपुरता, म्हणजे पाव विजयसुद्धा नाही. सगळं मिळून रेड्सची प्रश्नपत्रिका तुमच्यापेक्षा दीडएक विजयाने अवघड होती. तरी ते बरोबरीत आले. वेळापत्रकाने कोणावर अन्याय केला असेल तर तो त्यांच्यावर.

मुळशीकर, १४ आणि १६२ वर: नाणेफेकीइतका समान संघ घ्या, प्रत्येक सामना अर्धा-अर्धा. १६२ गेममध्ये नुसत्या नशिबाने तो ८१ च्या आजूबाजूला साडेसहाएक विजय वरखाली होतो. म्हणजे ७५ ते ८७ मध्ये कुठेही दिसू शकतो, आणि तीनांतून एकदा त्याही बाहेर. १४ सामन्यांत हाच फरक जवळपास दोन विजयांचा, म्हणजे पाच जिंकणारा आणि नऊ जिंकणारा हे एकच संघ असू शकतात. त्यामुळे ‘८३ वाला ८३ च्याच लायकीचा’ हे पूर्ण खरं नाही. १६२ सुद्धा पुरत नाहीत.

आणखी एक. नाणेफेकीच्या संघाला हंगामात कधीतरी सलग सात हार बघायला मिळण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. एकदा झालं तर डोकं फोडून घेऊ नये. तीनदा झालं तर मात्र नाण्याला दोष देता येत नाही. तिथे संघच कुठेतरी फाटलेला असतो.

---

एडिसनकर

गण्या, बसलो होतो तिथेच बसून राहिलो. ३१७ आणि ३३८ कागदावर मांडून बायकोला दाखवलं, ती म्हणाली मग आता काय, रेड्सची माफी मागणार?

एक तरी मुद्दा सोडत नाही. फिलीज ९६ जिंकले, त्यात १३ वेळा त्यांना नॅशनल्स मिळाले. ब्रुअर्सना पायरेट्स मिळाले. प्रत्येकाचे विजय त्याच्याच शेजाऱ्यांवर मोजलेले, आणि त्या विजयांनी आपण पुन्हा शेजाऱ्यांची ताकद मोजतोय. साप शेपटीला चावतोय. पण दीड विजय उलटा करण्याइतका हा मुद्दा मोठा नाही, हेही कळतं.

निंबोणी, करपलेले मी खाल्ले.

---

सिॲटलची_सर

धागा वाचून हसू आलं, रडूही. न्यूयॉर्कचा माणूस वेळापत्रकाबद्दल तक्रार करतोय! फिलाडेल्फियाला तुमचे खेळाडू बसने जातात. शिकागो आणि मिलवॉकीमध्ये नव्वद मैल. आमच्या मरिनर्सना सगळ्यात जवळचा परका संघ सहाशे मैलांवर आहे. वर्षाला चाळीस हजार मैलांच्या वर विमानप्रवास होतो, बहुतेक वर्षी सगळ्यांत जास्त आमचाच. रात्री दहाला गेम संपवायचा, विमानात चढायचं, तीन टाइमझोन ओलांडून पहाटे हॉटेल गाठायचं आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर. गण्या, याचे किती विजय कापायचे?

यंदा आम्ही सप्टेंबरमध्ये १८ पैकी १७ जिंकलो आणि २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन घेतली. मग डेट्रॉइटविरुद्ध निर्णायक पाचवा गेम, बरोबरीमुळे नऊऐवजी १५ डाव, ३-२ जिंकलो. मी घरी सांगून ठेवलं होतं की तेराव्या डावानंतर माझ्याशी कोणी बोलायचं नाही. तो गेम झाल्यावर एक दिवस मध्ये, आणि थेट खंडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडात टोरांटोला. तिथे टोरांटोवाले आराम करून बसलेले. तरी पहिले दोन गेम आम्ही तिथे जाऊन जिंकलो. म्हणजे प्रवासाची तक्रार करायची सोय तेवढ्यापुरती गेली.

सातवा गेम नरक चतुर्दशीला. कारीट फोडायचा दिवस. सातव्या डावात टोरांटोच्या स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन (आपल्या षटकारासारखा) मारला आणि फुटलं ते आमचंच. मरिनर्स अजून एकदाही वर्ल्ड सिरीजला (दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेला) गेलेले नाहीत. आयुष्यात एकदाही. एवढं लिहून थांबते.

---

निंबोणी

सर, 🤗 (हा खेळ कळत नसूनही.)

---

बाल्टिमोरचे_आजोबा

मुलांनो, मी इथे १९८४ साली आलो. मला क्रिकेट सोडून काही माहीत नव्हतं. हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने मेमोरियल स्टेडियमवर नेलं आणि ओरिओल्स गळ्यात पडले ते पडलेच.

सातत्य म्हणता ना? १९८८ साली आमचा संघ हंगामाचे पहिले २१ गेम हरला. ओळीने, एकही न जिंकता. सहा हरल्यावर मॅनेजर कॅल रिपकन सीनियर यांना काढलं. त्यांचे दोन मुलगे त्याच संघात खेळत होते, हा आणखी कुटाणा. फ्रँक रॉबिन्सन आले आणि तेही हरतच राहिले. ऑफिसात रोज सकाळी कोणीतरी आकडा फळ्यावर लिहून ठेवायचं. एप्रिल संपता संपता शिकागोला ९-० असं एकदाचं जिंकलं. संघ घरी परत आला त्या रात्री पन्नास हजारांच्या वर माणसं स्टेडियमला आली होती. मीही होतो. सौ. आठव्या महिन्यात होती, तिला घरी ठेवून गेलो, ते ती अजून ऐकवते. १-२३ असा संघ, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वारीतून दमून परतलेल्याच्या पाया पडतात तसं काहीतरी होतं ते.

वर्षअखेर ५४-१०७. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, जवळपास त्याच गरीब पगारांवर तरुण पोरं घेऊन ८७ जिंकले आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत टोरांटोच्या मानगुटीवर बसले होते. शेवटी दोन गेमने गेलं. तेव्हा कोणता आकडा सातत्याचा, कोणता नशिबाचा, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

वेळापत्रकाचं मात्र सांगतो. तेव्हा आमच्या लीगमध्ये १४ संघ, सात-सातच्या दोन डिव्हिजन. स्वतःच्या डिव्हिजनमधल्या सहा जणांशी १३-१३, दुसऱ्या डिव्हिजनमधल्या सात जणांशी १२-१२. ७८ अधिक ८४, झाले १६२. दुसऱ्या लीगशी वर्ल्ड सिरीजपर्यंत गाठच नाही, तो प्रकार १९९७ ला सुरू झाला. म्हणजे जवळपास सगळ्यांना सारखी प्रश्नपत्रिका. आणि एवढी सारखी असूनही बक्षीस मात्र डिव्हिजनच्या पहिल्यालाच, वाइल्ड कार्ड नव्हतंच. तेव्हा सिॲटल-कॅन्सस सिटीच्या पश्चिम डिव्हिजनपेक्षा आमची पूर्व डिव्हिजन कितीतरी कठीण असायची आणि तिथला तिसरा पश्चिमेच्या पहिल्यापेक्षा चांगला असूनही घरी बसायचा. तुमच्या पिढीला निदान मागचं दार आहे.

---

एडिसनकर

आजोबा, _/\_. हे वेगळा धागा काढून लिहा, मी हात जोडून सांगतो.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यामुळे एक लक्षात आलं. डिव्हिजनवर बक्षीस असेल तेव्हा डिव्हिजनमध्ये जास्त खेळवायला हवं, कारण तुलना तिथेच. वाइल्ड कार्डवर बक्षीस असेल तेव्हा सगळ्यांशी सारखं खेळवायला हवं, कारण तुलना अख्ख्या लीगशी. गंमत म्हणजे तुमच्या काळी तुलना डिव्हिजनमध्ये आणि वेळापत्रक सगळ्यांशी सारखं. मग २०२२ पर्यंत वाइल्ड कार्ड असूनही डिव्हिजनमधल्या चौघांशी १९-१९ म्हणजे ७६ गेम आणि दुसऱ्या लीगशी फक्त २०. दोन्ही वेळा उलटं! २०२३ ला ७६ चे ५२ केले तेव्हा कुठे गाडी जरा रुळावर आली. त्यावर लोक ओरडले की जुनी खुन्नस संपली, रेड सॉक्स-यांकीज १९ वेळा नाही. मला १३ भरपूर आहेत. फिलीजचं तोंड बघायला १९ वेळा? नको.

---

गणिती_गण्या

आजोबांना साष्टांग.

धागाकर्ते, हा मुद्दा पहिल्या पोस्टमधल्या रडगाण्यापेक्षा बरा आहे. :) अनुमोदन.

जाता जाता, हे वेळापत्रक बनतं कसं त्याबद्दल. एकूण २,४३० गेम. स्टेडियममध्ये मैफल असते, शहरात मॅरेथॉन असते, शेजारी दोन संघ असतील तर दोघे एकाच वेळी घरी नकोत, खेळाडूंच्या करारानुसार साधारण सलग वीस दिवसांहून जास्त सुट्टीशिवाय खेळवायचं नाही, परतीच्या प्रवासाच्या दिवशी गेम लवकर ठेवायचा. असल्या शेकडो अटी. १९८० च्या दशकापासून २००४ पर्यंत हे काम एक नवरा-बायको करत होते: हेन्री आणि हॉली स्टीफन्सन, मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर घरी बसून. संगणक आणि हात दोन्ही वापरून. २००५ पासून काम गेलं ते पिट्सबर्गच्या मंडळींकडे, त्यात कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल ट्रिक होते. आमच्या क्षेत्रात त्या प्रश्नावर माणसं पीएचडी करतात. पूर्ण न्याय्य उत्तर आहे का, असं कोणी विचारलं तर आधी ‘न्याय्य’ म्हणजे काय ते लिहून द्या, असं आम्ही म्हणतो आणि समोरचा निघून जातो.

---

तोक्योकर

जपानचं थोडं. इथे १४३ गेम. स्वतःच्या लीगमधल्या पाच जणांशी २५-२५, उरलेले १८ दुसऱ्या लीगशी. लीगमधल्या सगळ्यांना अगदी एकसारखं. कागदावर याहून सरळ वेळापत्रक नाही.

तरी हानशिन टायगर्सना विचारा. त्यांचं घरचं मैदान कोशिएन, आणि दर ऑगस्टला तिथे शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. अख्खा देश बघतो. त्यामुळे व्यावसायिक संघाला भर उन्हाळ्यात घर सोडून आठवडेच्या आठवडे बाहेर हिंडावं लागतं. त्याला इथे ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणतात. आता ओसाकाचा डोम जवळ असल्याने काही गेम तिथे ‘घरचे’ म्हणून होतात, पण नाव तसंच राहिलंय. आणि यंदा याच हानशिनने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लीग खिशात घातली. एवढ्या लवकर आजवर कोणी जिंकली नव्हती. पोरांना मैदान द्यायचं की नाही, याबद्दल त्यांचे चाहते तक्रार करताना मी तरी ऐकलं नाही. उलट मोठेपणाने सांगतात.

---

टँपातला_बाप

घर सोडण्यावरून. आमच्या टँपा बे रेजच्या ट्रॉपिकाना फील्ड या मैदानाचं छप्पर ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाने फाडलं. मग यंदाचं सगळं घरचं क्रिकेट (सवय!) यांकीजच्या सराव मैदानावर, जेमतेम अकरा हजार माणसं. उघडं मैदान आणि फ्लोरिडाचा पावसाळा, म्हणून एप्रिल-मेमध्ये घरचे गेम कोंबले आणि जुलै-ऑगस्टमध्ये पोरांना बाहेर हिंडवलं. संख्या तीच, ८१ आणि ८१. पण एक लांबच लांब माहेरपण आणि मग लांबच लांब सासुरवास. ७७-८५ वर संपलो. छप्परच कारण होतं असं मी म्हणत नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला जाऊन आम्ही तीनच्या तीन गेम जिंकलो, धागाकर्त्यांना आठवत असतील. त्यांच्या सात हारांतले पहिले तीन आम्ही दिलेले.

---

एडिसनकर

आठवतात. शेजारी बसून आठवण काढल्याबद्दल आभार.

---

वाळवंटातली_कोरफड

फिनिक्सहून. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मेट्सवाल्यांनी वेळापत्रकाचा न्याय काढायचा? २०२४ विसरलात?

बाकीच्यांसाठी सांगते. सप्टेंबर २०२४, अटलांटात मेट्स आणि ब्रेव्हजचे दोन गेम हेलीन वादळामुळे रद्द झाले. वादळ येणार हे आधी दिसत होतं, तरी आधी हलवले नाहीत. रविवारी सगळ्यांचा हंगाम संपला. आमचे डायमंडबॅक्स ८९ जिंकून घरी टीव्हीसमोर. सोमवारी, ३० तारखेला, हे दोघे अटलांटात एका दिवसात दोन गेम खेळले. कोणीही दोन्ही जिंकले असते तर आम्ही आत. एक-एक झालं तर ते दोघे आत, आम्ही बाहेर. पहिला मेट्सनी जिंकला. मग दुसऱ्यात मेट्सना हरलं काय आणि जिंकलं काय, नेहमीच्या खेळाडूंना विश्रांती. ब्रेव्हज ३-० जिंकले. तिघेही ८९-७३. पितृपक्षातला सोमवार होता, आमचं पान वाढून झालं.

त्यांनी मुद्दाम हरलं असं मी म्हणत नाही. पण ज्या गेमवर तिसऱ्याचं नशीब टांगलंय तो गेम, खेळणाऱ्यांपैकी एकाला काहीच फरक पडत नसताना खेळवणं, हे कुठल्या न्यायात बसतं?

---

गणिती_गण्या

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

एडिसनकर

कोरफडताई, खरं सांगतो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर सोमवार होता. आजारपणाची रजा टाकली होती. आठव्या डावापर्यंत ३-० मागे, मग आमचे सहा रन, मग त्यांचे चार, आणि नवव्यात लिंडोरचा दोन रनांचा होम रन. ८-७. मी एडिसनच्या घरात एकटा नाचलो. दुसरा गेम मी नीट बघितलाही नाही, जेवण गरम करून घेतलं. तुमचं नशीब त्या गेमवर टांगलेलं होतं हे मला तेव्हा माहीत होतं आणि मला काडीचाही फरक पडत नव्हता.

आता यंदाचं बघा. मार्लिन्सना शेवटच्या दिवशी काहीच फरक पडत नव्हता आणि त्यांनी आम्हाला ४-० ने घरी पाठवलं. म्हणजे फरक न पडणारा संघ आमच्या वेळी जीव तोडून खेळला आणि तुमच्या वेळी आम्ही पोरं उतरवली. तुमची तक्रार माझ्या तक्रारीपेक्षा खरी आहे. लिहून देतो.

ब्रेव्हजचंही फार भलं झालं नाही. त्यांचा मुख्य पिचर ख्रिस सेल पाठीमुळे दुसऱ्या गेमला उतरूच शकला नाही, आणि दोन गेम खेळून त्याच रात्री सॅन डिएगो गाठायचं, दुसऱ्या दिवशी प्लेऑफ. दोन गेममध्ये बाहेर. आम्ही मिलवॉकी गाठली. तिथे मात्र जिंकलो, माफ करा.

---

वाळवंटातली_कोरफड

लिहून दिलंत ते स्क्रीनशॉट काढून ठेवलं आहे. २०२३ ला आम्ही फक्त ८४ जिंकून आत आलो आणि १०० जिंकलेल्या डॉजर्सना सलग तीन हरवून पार वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलो, तेव्हा मीही न्यायाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. फिट्टंफाट.

---

मुळशीकर

म्हणजे ८४ वाला १०० वाल्याला हरवू शकतो, ८९ वाला घरी बसतो आणि ८३ वाला धागा काढतो. कळला खेळ. पुढच्या वर्षी बघणार. भारतात किती वाजता लागतो?

---

तोक्योकर

पहाटे. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा गेम म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेचार. काकड आरतीची सवय असेल तर जमेल.

---

बाल्टिमोरचे_आजोबा

एडिसनकर, नव्या वेळापत्रकात प्रत्येक संघ प्रत्येकाशी दर वर्षी खेळतो ना? यंदा मेट्स जुलैत आमच्याकडे येऊन गेले, मी तिन्ही गेमना होतो. पुढच्या वर्षी कुठे?

---

एडिसनकर

पुढच्या वर्षी पाळी उलटी, ओरिओल्स क्वीन्सला, आमच्या मैदानावर येणार. आजोबा, आजींना घेऊन या. आमच्याकडेच उतरा, स्टेशनवर घ्यायला येतो. मैदानावर जिने चढावे लागणार नाहीत अशी जागा बघतो.

---

बाल्टिमोरचे_आजोबा

येतो. शनिवारचा, दुपारचा गेम असेल तर तो बघा, रात्री गारठा सोसत नाही. सौ. म्हणते जेवायला काहीही चालेल, फक्त पापड दुसऱ्या कोणाला तळायला सांगा.